बरणीतली हळद

२००३ च्या मार्चमध्ये हिंगोलीत आमच्या घरमालकांनी शेजारच्या भाडेकरूंच्या मुंग्यांच्या बरणीत हळद ओतली. हे भाडेकरू हळदीच्या बाजारात तोलारी होते. एका राणीपासून त्यांनी तीन वर्षांत बरणीभर मुंग्या वाढवल्या होत्या. मुंग्यांना हळद सोसत नाही, म्हणून कामावरून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय ते झाकण उघडत नसत.

"काहून टाकली हो?" तोलाऱ्यांनी विचारलं. "पारावर रोज मुंग्याला साखर टाकता न तुमी?"

"ते पुण्य हाय. घरात पोसणं येडेपणा."

"मुंगी तर तीच हाय न, मालक?"

मालक आत गेले. तोलाऱ्यांनी ओल्या कापसाने राणी पुसली. ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी पारावर साखर टाकली.