रुमाल आणि वजनकाटा

आमच्या घरात शेळ्या बायकांच्या आणि शेळ्यांचा सौदा पुरुषांचा. झाडलोट, चारा-पाणी, व्यायलेल्या शेळीची उस्तवार, करडू गारठलं तर त्याला पोटाशी धरून बसणं, हे सगळं माझ्या सासूनं करायचं आणि मी करायचं. बोकड विकायच्या दिवशी मात्र चुलत सासरे पांढरी टोपी घालून दारात हजर. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पा दावं हातात घ्यायचे, 'येतो वहिनी' म्हणायचे आणि संध्याकाळी पैसे आणून द्यायचे. सौदा कसा झाला, आधी किती मागितले, समोरच्यानं किती सांगितले, हे विचारायची सोय नव्हती. तो रुमालाखाली झालेला असायचा.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांना सांगते. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. व्यापारी खांद्यावरचा रुमाल काढतो, स्वतःच्या हातावर टाकतो, विकणारा त्याखाली आपला हात घालतो. मग आत बोटं दाबली जातात. एक बोट म्हणजे इतके, मूठ म्हणजे तितके. वर दोघांचे चेहरे कोरे. शेजारी उभ्या माणसाला फक्त रुमाल हलताना दिसतो. शेजाऱ्याला भाव कळू नये म्हणून ही रीत, असं म्हणतात. पण आता बाईचं बघा. परक्या पुरुषाच्या हातात हात देऊन, वरून रुमाल पांघरून, बाई कशी उभी राहणार? म्हणजे बाईला शेळी पाळता येते, विकता येत नाही. कुणी तसा नियम केलेला नाही. त्या एका रुमालानंच काम भागलं.

आप्पा मधल्यामध्ये खात होते असं मी म्हणत नाही. तसं मला वाटतही नाही. ते सरळ माणूस आहेत, सासरे गेल्यावर आमच्या अडीअडचणीला तेच धावून आले. माझा राग वेगळाच होता, आणि तो मागच्या वर्षीच्या बोकडापासून सुरू झाला.

त्या बोकडाची आई वितानाच मेली. सासूनं, म्हणजे आत्यांनी (मी त्यांना आत्याच म्हणते), त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. तो घरभर त्यांच्या पायात यायचा. विकायची वेळ आली तेव्हा त्या पहिल्यांदाच म्हणाल्या, "मी बी येती बाजारात." गेल्या. संध्याकाळी परत आल्या, पाय धुतले आणि चुलीपुढं बसल्या. मी विचारलं, "काय झालं आत्या?"

"काय व्हायचंय? म्या इचारलं, किती म्हणतोय ह्यो? तर व्यापारी म्हणला, मावशी, तुम्ही तिकडं सावलीला बसा."

"मग?"

"मग काय, बसले सावलीला."

असं म्हणून त्या हसल्या. त्या हसल्याचाच मला संताप आला. मी तिथंच ठरवून टाकलं की पुढचं बोकड ही बाई स्वतः विकणार, आणि उन्हात उभी राहून विकणार.

ठरवणं सोपं. पण कशाच्या जोरावर? बोकडाचा भाव अंदाजावर ठरतो. व्यापारी पाठीवरून हात फिरवतो, मागचा पाय चाचपतो, जरासा उचलून बघतो आणि आपल्याला हवं तेवढं वजन त्याला लावतो. त्याच्या अंदाजापुढं आपल्याकडं काही असायला हवं होतं.

इथं माझं शिक्षण कामाला आलं, जे सासरी कुणाच्याच कामाचं नव्हतं. मी माहेरची दौंडची. तिथं आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं, मग रांजणगावला एका कारखान्यात सोल्डरिंगच्या लाइनवर होते. मुलगी झाली तेव्हा ते सुटलं. त्या कारखान्यात माल बाहेर पाठवायच्या जागी एक मोठा काटा होता. तो बिघडला तेव्हा उघडलेला मी पाहिला होता. मला वाटायचं आत केवढं यंत्र असेल. आत चार कोपऱ्यांना बोटाएवढे चार लोडसेल, चार वायरी आणि एक इवलीशी पाटी. बाकी सगळं रिकामं.

लोडसेल म्हणजे लोखंडाचा एक तुकडा. त्याच्या अंगावर बारीक तारेची जाळी चिकटवलेली असते. वजन पडलं की लोखंड वाकतं, डोळ्याला दिसणारही नाही इतकं थोडं, आणि जाळी ताणली जाते. त्या ताणानं विजेत जो फरक पडतो तो इतका बारीक की कुणाला ऐकू जाऊ नये. तो मोठा करून सांगायला अ‍ॅम्प्लिफायर लागतो. तीच ती इवलीशी पाटी, नखाएवढी. या दोन वस्तू मिळाल्या की काटा निम्मा झाला.

मी मोबाइलवरून चार लोडसेल आणि दोन अ‍ॅम्प्लिफायर मागवले, एक जळाला तर दुसरा असावा म्हणून, शिवाय आकडा दाखवायला एक छोटा कंट्रोलर आणि त्याचा बोटभर पडदा. पत्ता दौंडचा दिला, कारण आमचं गाव मांडवगण फराट्याच्या अलीकडं वस्तीवर आणि कुरिअरवाला तिथं येत नाही, नुसताच 'घर बंद' असं लिहून मोकळा होतो. आईनं पार्सल हलवून बघितलं आणि म्हणाली, "एवढंसं? मला वाटलं काय सोन्याचं बिन्याचं हाय." नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "कर काय करायचं ते, फक्त टीव्हीचा प्लग काढू नको." त्याच्या परवानगीसाठी मी थांबले नव्हतेच.

जुन्या पलंगाची प्लाय होती, तिला खालून लोखंडी पट्ट्या मारून घेतल्या. चार कोपऱ्यांना चार लोडसेल. प्रत्येकाच्या तीन वायरी. त्या चौघांच्या मिळून एका गोतावळ्यात जोडायच्या, आणि कुठलीही एक चुकली तरी सगळे रुसतात. पहिल्या दिवशी मी स्वतः फळीवर उभी राहिले तर आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह. आत्यांना अक्षरं फारशी येत नाहीत, पण ती आडवी रेघ त्यांनी ओळखली. म्हणाल्या, "तू उणी हायस म्हणतंय की गं हे!" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मी दोन वायरी उलट्या केल्या आणि अधिक झाले.

मग पेंडीची सीलबंद गोणी ठेवून काट्याला वजन शिकवलं. किराणावाल्याकडून शिक्का मारलेली लोखंडी मापं आणून पुन्हा तपासलं. शेवटची अडचण शेळीची. शेळी म्हणजे काही गोणी नव्हे. ती चढली की पाय आपटते, अंग झाडते आणि आकडा नाचायला लागतो. मी असं केलं की काट्यानं भराभर पुष्कळ वजनं घ्यायची, आणि त्यातलं मधलं तेवढं दाखवायचं. आत्यांनी त्याहून सोपं केलं. फळीच्या समोर सुबाभळीची डहाळी टांगली. शेळी डहाळी ओढत गपचिप उभी राहायची.

सगळं जमलं. आणि दोन दिवसांनी काटा बिघडला. भलंमोठं बोकड चढवलं तर आकडा करडाएवढा. मी आधी कंट्रोलरमध्ये घातलेला प्रोग्राम बघितला. मग फळीबाहेरच्या डबीतल्या वायरी उपसल्या. मग एकेक टाका पुन्हा मारला. पहिला अ‍ॅम्प्लिफायर काढून दुसरा लावला. तेच. भर दुपारी गोठ्यात बसून मी त्या चार लोखंडांना आणि ते बनवणाऱ्या सगळ्या खानदानाला शिव्या दिल्या. शेवटी फळी उचलायला गेले तर ती उचलेना. वाकून बघितलं. फळी आणि जमीन यांच्यामधली फट चारी बाजूंनी बंद. आत जुन्या लुगड्याच्या चिंध्या घट्ट कोंबलेल्या आणि वरून शेणामातीनं असं सुरेख लिंपलेलं की बोटाचा ठसाही दिसू नये.

"आत्या! हे तुम्ही केलंत?"

"मग? फट ठेवत्यात व्हय कुठं? इंचू ऱ्हातोय त्यात. आन् शेरडाचा पाय आडाकला आसता म्हंजी?"

मला रागवावं की हसावं कळेना. आमच्याकडं बाई घरात शिरली की पहिल्यांदा फटी बघते आणि हातात शेण असलं की ती बुजवते. मी त्यांना लोडसेल दाखवला. म्हटलं, हे लोखंड वाकलं तरच वजन कळतं. तुम्ही खालून टेकू दिला, मग बोकडाचा भार तुमच्या चिंध्यांनीच घेतला, याच्यापर्यंत पोहोचलाच नाही. त्यांनी तुकडा हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"वाकतंय? ह्ये?"

"वाकतं. आणि भार उतरला की पुन्हा सरळ होतं."

"मग आधी सांगायचंस की," त्या म्हणाल्या, आणि विळ्यानं सगळं लिंपण खरवडून काढलं. त्या दिवसापासून रोज सकाळी त्या केरसुणीची काडी घेऊन फळीखालची फट साफ करतात.

या वर्षीचं बोकड अडतीस किलोचं भरलं. आत्यांनी तो आकडा पाठ केला. बाजाराच्या आदल्या दिवशी आप्पांना आम्ही सांगितलं की सौदा आत्या करणार. आप्पांना ते अपमानाचं वाटलं. मला आधीच माहीत होतं आणि तरी मी सांगितलं.

"बोकड काय कांदं हाय व्हय, काट्यावर टाकायला?" आप्पा म्हणाले. "आन् वहिनी काय करणार बाजारात?"

मी म्हटलं, "आप्पा, कांद्याला काटा, उसाला काटा, दुधाला काटा. सुनेच्या डागिन्याला तर रतीगुंजेचा काटा. एका बोकडालाच काय धाड भरलीय? तुम्ही चला सोबतीला. पण बोलणार आत्या."

आप्पा आले. नाराजीनं आले, पण आले. न्हावऱ्यावरून जीपनं आम्ही तळेगाव ढमढेऱ्याला पोहोचलो तेव्हा बाजार भरला होता. व्यापारी तोच, मागच्या वर्षीचा. त्यानं बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "तिशीचं आसंल, बत्तीस डोक्यावरून पाणी."

"आडतीस," आत्या म्हणाल्या.

"कोण म्हणतं?"

"काटा."

त्यानं सगळा प्रकार विचारून घेतला आणि माझ्याकडं बघून हसला. "घरी बनीवला? शिक्का हाय का त्याला? बिनशिक्क्याच्या काट्यावर इक्री करायची म्हंजी गुन्हा हाय ताई, ठावं हाय का?"

त्याचं बरोबरच होतं, आणि मला ते ठाऊक होतं. म्हटलं, "ठाऊक आहे. आमचा काटा आम्हाला सांगण्यापुरता. तुम्हाला शिक्क्याचा पाहिजे ना, तो पेंडीच्या दुकानात आहे. चला, दहा पावलं तर आहे."

माणसं गोळा झाली होती. तो काट्याकडं जाणार नव्हता. त्यानं आमच्याकडं पाठ केली, खांद्यावरचा रुमाल काढला, हातावर टाकला आणि आप्पांपुढं धरला. "या आप्पा, आपण आपलं मिटवू." आप्पांचा हात सवयीनं अर्धा उठलाच.

तेवढ्यात आत्या पुढं झाल्या आणि त्यांनी आपला हात रुमालाखाली घातला.

मला हे माहीत नव्हतं. आमचं असं काही ठरलेलं नव्हतं. त्यांना बोटांची ती भाषा येत नव्हती, एक अक्षर येत नव्हतं. व्यापाऱ्यानं करंट बसल्यासारखा हात मागं घेतला आणि रुमाल आत्यांच्या हातावर तसाच राहिला. त्यांनी तो नीट घडी घालून त्याला परत दिला.

"न्हाई ना जमत? मग तोंडानं बोला," त्या म्हणाल्या. "माझं बोकड आडतीस किलोचं हाय. काय देतासा ते समद्यांना ऐकू जाऊ द्या."

तो पाठ फिरवून निघून गेला. आप्पा 'चहा घेऊन येतो' म्हणून गेले ते लवकर आलेच नाहीत. आम्ही दोघी उन्हात उभ्या राहिलो. बराच वेळ कुणी फिरकलं नाही, आणि मला भीती वाटायला लागली की बोकड घेऊनच परत जावं लागणार, मग वर्षभर गाव हसणार. आत्यांना म्हटलं, जरा सावलीला बसता का? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा तो शब्द काढला नाही.

शेवटी दुसरा एक व्यापारी आला. त्याला सगळी हकिकत कळली होती. तो आमच्याबरोबर पेंडीच्या दुकानात आला, बोकड शिक्क्याच्या काट्यावर चढलं. वाटेत जीपमध्ये बोकडानं जे काय सांडलं असेल तेवढाच फरक. त्यानं भाव मोठ्यानं सांगितला. आत्या तेवढ्याच मोठ्यानं नाही म्हणाल्या. त्यानं वाढवला. त्या पुन्हा नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्यांनी बोकडाच्या कपाळावरून हात फिरवला आणि दावं स्वतःच्या हातानं त्याच्या हातात दिलं.

परतीच्या जीपमध्ये आप्पा पुढं बसले होते आणि मागं वळून बघत नव्हते. आत्या खिडकीशी. न्हावरं मागं पडलं. मग त्या माझ्याकडं झुकल्या.

"इतकी वर्सं मला वाटायचं, त्या रुमालाखाली काय तरी आसंल बघ. बाईमाणसाला कळू नये आसं काय तरी."

"मग? काय होतं?"

त्यांनी उजवा हात पदराला पुन्हा एकदा पुसला.

"काय न्हाई गं. घामट हात हुता त्याचा नुसता."