घाटदेवाला एक धोंडा

शहापूरहून मुरबाड, मुरबाडहून टोकावडे, अशी एसटी बदलत पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पुढे पायथ्याच्या वाडीपर्यंत चालत. मला जुनी बैलवाट पाहायची होती. पूर्वी हिच्यावरून कोकणातलं मीठ देशावर जायचं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तोही इतिहासाचा. ऐकवायला सोबत कुणी नाही एवढंच दुःख.

वाडीत हिरूबाईंनी कोरा चहा दिला आणि पाठोपाठ हातात धोंडा. "घाटदेवाला वाहिल्याबिगार वर जायचं नाय." चाल जुनी होती. मुकाट खांद्यावर घेतला.

अर्ध्या चढावर पावसाने वाट कापून नेली होती. कडेला शेंदूर लावलेला देव, आणि खड्ड्यात हिरूबाईंचे यजमान काळूदादा वाहिलेले दगड एकात एक बसवत होते. त्यांची बैलजोडी वर सासुरवाडीला अडकलेली, म्हसा गावची बैलबाजाराची जत्रा तोंडावर. टेम्पो परवडत नव्हता. वाट झाली तरच जोडी बाजारात उभी राहणार.

देव पहिल्यापासून इथंच का, मी विचारलं.

"नाय रे. वर खिंडीत होता. आमी कौल लावला. दोनदा नाय बोलला, तिसऱ्यांदा हो बोलला."

इतक्यात मुंबईचे ट्रेकर रिकाम्या हातांनी आले. काळूदादा हळूच म्हणाले, "तू शिकलेला. तू सांग, तुझं ऐकतील."

मी गंभीर चेहऱ्याने चाल सांगितली. मोठ्या दगडाचं जास्त पुण्य का, एकाने विचारलं. तसं कुठे लिहिलेलं नाही, पण देव बघतो, मी म्हणालो. मग दोघांनी मिळून एक शिळाच आणली. माझी पदवी पहिल्यांदा कामाला लागली.

रात्री वाडीतच नाचणीची भाकरी आणि सुकट. सकाळी जोडी उतरली. पहिल्या बैलाने नव्या दगडांवर खूर टेकला, वास घेतला आणि थांबला. काळूदादांनी ओढलं नाही. कासरा सैल सोडला. बैल पलीकडे गेला, मागून दुसराही.

निघताना हिरूबाईंना विचारलं, देव आता परत खिंडीत जाणार का?

"कसा जाईल? खालच्या वळणाला कडा सुटाया लागलाय. तिथं बदली झाली त्याची."

घरी आईने सोललेला खांदा पाहिला. घाटात वाट बांधायच्या कामाला होतो, म्हटलं. काम कायमचं आहे का, तिने आशेने विचारलं.

पाऊस पडतोय तोवर कायमचं, मी म्हणालो.