ठमीचा डबा आणि असरची अजान

बुधवारी आमच्या ठमीने आम्हा सगळ्यांना गप्प केलं.

ठमी म्हणजे पाणमांजर. रियाधमधल्या एका ॲक्वेरियममध्ये मी प्राण्यांची डॉक्टर आहे, आणि सध्या आमच्याकडे पाणमांजरांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास चाललाय. ठमी आणि तिचा जोडीदार गुंड्या... नावं अर्थात मीच ठेवलेली.

परीक्षा साधी. पारदर्शक डब्यात कोळंबी. झाकण फिरवायचं, मग खिट्टी ओढायची. दोघंही ही युक्ती उन्हाळ्याआधी शिकली होती, आता आठवते का ते बघायचं होतं.

गुंड्याची पाळी सकाळी. त्याने डबा चुटकीसरशी उघडला. ठमीची पाळी दुपारी... ती झाकण फिरवायची आणि मधेच सगळं टाकून मागच्या दाराशी जाऊन बसायची. रोज!

आमचे इजिप्शियन सर वैतागले. “खलास, डॉक्टर. हिला काही आठवत नाही. जेद्दाच्या ॲक्वेरियमला पाठवू, हिच्या जागी दुसरी आणू.”

हे प्राणी जोडीने राहतात, एकमेकांना बिलगून झोपतात. ठमी गेली तर गुंड्या खाणंपिणं सोडेल, अशी मला भीती होती. पण सरांना सांगणार काय?

मंगळवारी शेवटचा चान्स होता. ठमीने झाकण फिरवलं... आणि स्पीकरवर असरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, अजान सुरू झाली. डबा तसाच टाकून बाई निघाल्या दाराकडे!

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आमचा सुदानी सहकारी इद्रिस अजान झाली की नमाजाला जातो आणि येताना त्याच दाराने मासळीची बादली घेऊन येतो. आयती मासळी येणार हे ठाऊक असताना एका कोळंबीसाठी कोण झटापट करेल? मी तरी केली नसती.

“सर, उद्या सकाळी एकदा घेऊया ना, प्लीज,” मी सगळं सांगून म्हटलं. सरांनी दाराशी ताटकळलेल्या ठमीकडे बघितलं आणि त्यांना हसू आलं. “यल्ला, चला... उद्या सकाळी.”

बुधवारी ठमीने झाकण फिरवलं, खिट्टी ओढली आणि कोळंबी मटकावली. सरांनी तिथूनच जेद्दाला फोन लावला आणि ठमी येणार नाही म्हणून कळवलं.

मी केबिनमध्ये जाऊन चक्क रडले... तिला सगळं आठवत होतं हो. आमच्या परीक्षेपलीकडे तिचाही एक दिवस असतो, हे आमच्याच लक्षात आलं नव्हतं. थँक यू, ठमे.