काडी ओढण्याआधी

त्या हिवाळ्यात देवीवरचा माझा विश्वास पार ढिला झाला होता. पूजा करत होते, पण सवयीने. निखिल, माझा नवरा, पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग करून घ्यायला भारतात गेला आणि तिकडेच अडकला. अपॉइंटमेंट पुढे पुढे ढकलली जात होती. इकडे अमेरिकेत, हर्नडनच्या टाउनहाउसमध्ये मी आणि आमची लहानगी ईरा, दोघीच. माहूरच्या रेणुकामातेपुढे रोज एकच मागणं, त्याला परत आण. ती ऐकते आहे असं काही दिसत नव्हतं.

उबदार हवेच्या फ्रीमाँटहून इथे येऊन आम्हाला थोडेच महिने झाले होते. "व्हर्जिनियात फार थंडी नसते गं," असं सगळे म्हणाले होते, त्यामुळे धड जाड कोटही घेतले नव्हते. त्या आठवड्यात आधी बर्फ पडला, त्यावर पाऊस पडला आणि सगळं काचेसारखं गोठून गेलं. रस्त्यावरचं झाड तारांवर कोसळलं. वीज गेली, तिच्याबरोबर हीटिंगही. सकाळी उठले तर घरात बोलताना तोंडातून वाफ निघत होती. फोन बंद पडलेला, गाडीची दारं गोठलेली. ईराला आधीपासूनच खोकला होता, आता छातीत घरघर ऐकू येत होती. "आई, आय ॲम सो कोल्ड," एवढंच ती म्हणत होती. रजया, शाली, निखिलचं जुनं जॅकेट, सगळं तिच्यावर घातलं. जॅकेटला अजून त्याचा वास होता. ते मी क्षणभर गालाशी धरलं. तो असता तर, एवढाच विचार डोक्यात फिरत होता.

त्या दिवशी पूजा झाली नाही. देवघराकडे पाहावंसंही वाटलं नाही. मला आठवत होती माहेरची शेगडी. नागपूरच्या थंडीत आई ती स्वयंपाकघरात पेटवायची आणि आम्ही भावंडं हात शेकत बसायचो. आमच्या मागच्या डेकवर निखिलची बार्बेक्यूची ग्रिल होती, कोळशाची पिशवी होती. मी ग्रिल हॉलमध्ये ओढून आणली. दारंखिडक्यांच्या फटींत टॉवेल कोंबले, ईराला जवळ बसवलं, कोळसे रचले आणि काडीपेटी हातात घेतली.

तेवढ्यात दार वाजलं.

भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारच्या घरातल्या रूथ होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. तोवर आमचं हाय-हॅलोपलीकडे बोलणं नव्हतं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मिठाचा डबा. बर्फ वितळावा म्हणून पुढे मीठ टाकत, त्यावर पाय रोवत त्या घसरड्या पायऱ्या चढून आल्या होत्या.

"तू बरी आहेस ना?" त्यांनी विचारलं. "आज तुझी घंटा ऐकू आली नाही."

कुठली घंटा, मला कळेचना.

"रोज सकाळी भिंतीतून ऐकू येते. ती वाजली की मी कॉफी ठेवते. आज वाजली नाही, म्हटलं बघून यावं." म्हणजे माझी पूजेची घंटा.

मग त्यांची नजर ग्रिलकडे गेली आणि चेहरा उतरला. "पेटवलं नाहीस ना हे?"

"नाही. आता पेटवणारच होते."

"बंद घरात कोळशाचा विषारी वायू साठतो, पोरी. त्याचा वास येत नाही. झोप लागते आणि माणूस उठत नाही." त्यांनी हळूच माझ्या हातातली काडीपेटी काढून घेतली. "मुलीला उचल. माझ्याकडे धुराडं असलेली शेकोटी आहे."

मी ईराला उचललं. आईच्या स्वयंपाकघराला वर कौलं होती आणि खिडकी सताड उघडी असायची, हे मला तेव्हा आठवलं.

रूथच्या शेकोटीपुढे गरम सूप पिऊन ईरा शांत झोपली. हळूहळू तिची घरघर कमी झाली. मी त्यांच्या फोनवरून निखिलला फोन लावला.

"काय झालं? हा कुणाचा नंबर?" त्याने तिकडून विचारलं.

"आम्ही बऱ्या आहोत," मी म्हटलं. "तू लवकर ये."

तो लवकर आला नाही. होळी उलटून गेल्यावर आला. तोवर मी रोज त्याची वाट पाहिली, पण देवीवर रुसले नाही.

रूथ म्हणजे रूथच, हे मला ठाऊक आहे. त्यांचे गुडघे दुखतात, रविवारी त्या चर्चला जातात, आणि माझ्या मनात काय येतं ते सांगितलं तर हसतील. त्यांना त्या बर्फावरून कुणी आणलं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मी मागत होते ते एक, आणि ज्याची मला गरज आहे हेही ठाऊक नव्हतं, ते न मागता दारात आलं. आता देवीपुढे मागणं सांगून झालं की मी थोडा वेळ गप्प बसते. काय द्यायचं, कधी आणि कुणाच्या हातून, ते तिचं तिने ठरवावं.