सहा गोळ्यांची वाटणी

धुलाईघरात त्या दोघींना कोणी नावानं हाक मारत नसे. थोरली आणि धाकटी, बस. सख्ख्या जावा, शेजारशेजारच्या खोल्यांत संसार आणि कामही एकाच पाळीत. इस्पितळाच्या चादरी धुवायच्या, पिळायच्या, इस्त्रीच्या गरम रुळातून काढायच्या आणि घड्या घालायच्या. जावाजावांचं पटलं की लोकांच्या पोटात दुखतं, तसं यांच्याबद्दलही दुखत असे. पण इतक्या वर्षांत भांड्याला भांडं लागलं तरी त्याचा आवाज दाराबाहेर गेला नव्हता. कारण सरळ होतं. जे येईल ते अर्धं अर्धं. चहा एकच घ्यायचा नि निम्मा बशीत ओतायचा, साबणाची वडी दोऱ्यानं मधोमध कापायची. नियम थोरलीचा. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला आई नव्हती, आणि पहिल्या बाळंतपणात तिला ताप चढला तेव्हा थोरलीच उशाशी बसून होती. त्यामुळे थोरलीचा शब्द धाकटीनं कधी खाली पडू दिला नाही.

त्या कामात बाई दिवसभर ओली असते. रबरी एप्रन असला तरी पाणी पोटावरून खाली झिरपतंच, आणि मग रुळाच्या वाफेत ते अंगावरच कसंबसं वाळतं. धाकटीचं दुखणं तिथेच सुरू झालं. आधी खाज, मग अंगावरून फाटलेल्या दुधासारखं पांढरं, मग लघवीला गेलं की नुसती आग. धुलाईघरात या दुखण्याला धड नाव नव्हतं. ‘उष्णता झालीय’ एवढंच बायका म्हणत, आणि जिला झालीय ती पायावर पाय दाबून काम उरके.

थोरलीकडे उपाय होता, आणि तो धुणाऱ्या बाईलाच सुचावा असा होता. कढत पाणी, भरपूर साबण आणि चादरींच्या जंतुनाशकातलं झाकणभर. चादरीवरचे रक्ताचे डाग निघतात, तिथे हे काय घेऊन बसलात, असा तिचा खाक्या. धाकटीनं तसं केलं आणि दोन दिवस तिला धड बसता येईना. थोरली म्हणाली, आधी जळतं, मग सवय होते. ती स्वतः वर्षानुवर्षं तेच करत आली होती.

शेवटी धाकटीनं डॉक्टरीणबाईंचं दार गाठलं, कारण आता घरातही अवघडलेपण आलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून झोपायची आणि नवऱ्याला वाटायचं, आपलंच काही चुकलं. त्याला विचारायचा धीर नाही, हिला सांगायचा नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, ही बुरशी आहे, पुष्कळ बायकांना होते, यात लाजण्यासारखं काही नाही. झोपताना आत ठेवायच्या सहा गोळ्यांचं पाकीट लिहून दिलं. ते घेऊन धाकटी घरी आली आणि सवयीनं त्यातल्या तीन तिनं थोरलीच्या हातावर ठेवल्या.

चार दिवसांत दोघींनाही उतार पडला. महिनाभरात पुन्हा तेच. धाकटीनं दुकानातून परस्पर तसंच पाकीट आणलं, पुन्हा तीन तीन केल्या, पुन्हा थोडे दिवस बरे गेले. जातो जातो म्हणणारा पाहुणा दारातच गप्पा मारत उभा राहावा, तसं ते दुखणं काही जाईना. धाकटी इतकी कंटाळली होती की सकाळी उठायचं म्हटलं तरी तिच्या जिवावर यायचं.

पुन्हा गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं आणि वाटणीची गोष्ट बाहेर आली. बाई हसल्या नाहीत.

“अर्ध्या औषधानं बुरशी मरत नाही, नुसती दबून बसते,” त्या म्हणाल्या. “बरं वाटलं तरी सहाच्या सहा तुम्हीच वापरायच्या. आणि जाऊबाईंना इथे घेऊन या. त्यांना हेच झालंय कशावरून? आणि हेच असून सारखं उलटत असेल, तर रक्तातली साखर बघावी लागेल.”

साबण आणि जंतुनाशक त्यांनी साफ बंद करायला सांगितलं आणि सहा गोळ्यांचं नवं पाकीट लिहून दिलं. धाकटीची साखर तिथेच पाहिली, ती ठीक निघाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत थोरलीनं तीन गोळ्यांसाठी नेहमीसारखा हात पुढे केला. धाकटीनं तिला सगळं सांगितलं. थोरलीनं ऐकून घेतलं, पण हात तसाच ठेवला.

“मला नाही तिथे यायचं. तीन दे, माझं भागतं तेवढ्यात.”

“नाही देणार, ताई.”

‘नाही’ हा शब्द तिनं थोरलीसमोर कधी उच्चारला नव्हता. थोरलीनं हात मागे घेऊन एप्रनला पुसला.

“बरं,” ती म्हणाली. “तुझ्या तापात बसले होते, तेव्हा मी अर्धी रात्र बसून उठले नव्हते.”

त्यानंतर थोरलीनं बोलणं टाकलं. पण चादरीची घडी एकटीनं होत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, चालत एकमेकींपाशी यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा. थोरली कोपरा द्यायची आणि तोंड फिरवायची. बाकीच्या बायकांना चघळायला आयता विषय मिळाला.

धाकटीनं सगळ्या गोळ्या पुऱ्या केल्या. मग एका दुपारी तिच्या ध्यानात आलं की सकाळपासून आपल्याला त्या दुखण्याची आठवणसुद्धा झालेली नाही. पालथ्या बादलीवर बसून ती रडली. आनंद झाला होता, पण तो जिला सांगायचा तीच बोलत नव्हती. आणि तिच्याकडे तर बघवत नव्हतं. थोरलीची पाण्याची बाटली सारखी रिकामी व्हायची, मोरीकडे खेपा संपत नव्हत्या, उभ्या उभ्या ती या पायावरून त्या पायावर व्हायची. धाकटीला वाटे, द्याव्यात आणून तीन आणि मिटवावं एकदाचं. मोठ्या कष्टानं ती थांबली.

एक दिवस चालत चालत मध्ये आल्यावर थोरलीच्या हातून चादर सुटली. ती भिंतीला टेकली आणि तिनं डोळे मिटले.

“दमले गं,” ती म्हणाली.

“उद्या दोघींची रजा टाकते. भांडायचं असेल तर वाटेत भांडा.”

“मला उघडं कोणी पाहिलेलं नाही. ह्यांनीसुद्धा उजेडात नाही.”

“मी हात धरून उभी राहते. तुम्ही माझ्याकडे बघा.”

थोरली वाटेत भांडली नाही. तपासताना मात्र तिनं धाकटीचा हात असा आवळला की बोटं पांढरी पडली. बुरशी होतीच, शिवाय जंतुनाशकानं आतली कातडी सोलवटली होती. साखरेचा आकडा पाहून डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त घेतलं. दुसऱ्यांदाही आकडा चढाच निघाला. साखरेवरच्या गोळ्या आता रोज, आणि बुरशीचं औषध धाकटीपेक्षा जास्त दिवस, असं त्यांनी सांगितलं.

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. थोरलीनं औषधाची पिशवी मांडीवर ठेवली होती.

“तुझं बरं झालं, तेव्हा कसं वाटलं गं?”

धाकटीनं खरं तेच सांगितलं. “काहीच वाटत नाही, ताई. तिथे काही आहे हे लक्षातही राहत नाही.”

थोरलीनं पिशवीचं तोंड मुरडून घट्ट केलं.

“मला तर थोरला मुलगा पोटात होता तेव्हापासून आहे हे,” ती म्हणाली. “मला वाटायचं, सगळ्याच बायकांना कायमचं असतं, नुसतं बोलत नाही कोणी.”