साडेसोळाचा गळा

मास्तरांच्या दुकानात एक नियम होता आणि तो त्यांनी तीस वर्षं पाळला होता. गिऱ्हाईकाच्या अंगाबद्दल तोंडातून ब्र काढायचा नाही. कोणी सुटलेलं असो, कोणी वाळलेलं असो, टेप लावायची, आकडा वहीत उतरवायचा आणि म्हणायचं, "होऊन जाईल." माणसं त्यांच्याकडे परत येत ती शिलाईइतकीच या मुकाटपणासाठी. आपल्या पोटाची बातमी चारचौघांत करणारा शिंपी कोणाला हवा असतो?

याला अपवाद एकच, धाकटा भाऊ. त्याला चिडवणं हा मास्तर आपला हक्कच समजत. धाकटा एका मोठ्या हॉटेलात काउंटरवर उभा राहायचा. पांढरा शर्ट, टाय, वरचं बटण लावलेलं. पाहुणा कितीही खेकसला तरी चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी. त्याचे सगळे शर्ट मास्तरच शिवत. गळा पंधरा, कंबर चौतीस. बारा वर्षांत त्यात पाव इंचाचा फरक पडला नव्हता.

मग एके दिवशी तो शर्ट घेऊन आला, वरचं बटण लागेना म्हणून. गळा साडेपंधरा भरला. हॉटेलातलं फुकटचं मानवलंय तुला, असं म्हणून मास्तरांनी बटण सरकवून दिलं. दीड महिन्यानं गळा सोळा झाला, तेव्हा मास्तरांनी आता हनुवट्याही मोजायला घेऊ का, असं विचारलं. धाकटा हसला आणि जाता जाता पँटची कंबर आत घ्यायला देऊन गेला. ती दीड इंच उतरली होती. मास्तरांनी दोन्ही आकडे एकाच पानावर, एकाखाली एक लिहिले. चालत्या माणसाच्या खांद्यातला उतार नुसत्या नजरेनं ओळखणाऱ्या या गृहस्थाला ते दोन आकडे बघून काहीही वाटलं नाही.

तिसऱ्या खेपेला गळा साडेसोळा होता. धाकटा स्टुलावर बसून राहिला. बुटाची नाडी बांधायला वाकलं की तोंड फुगल्यासारखं होतं, सकाळी डोळे सुजलेले असतात, दोन उशा घेतल्याशिवाय श्वास पुरत नाही, असं काहीबाही सांगत होता. मास्तरांपुढे सात कोटांचं काम पडलं होतं आणि तोंडात टाचण्या होत्या.

"दादा, डॉक्टरला दाखवू का?" त्यानं विचारलं.

"डॉक्टर कशाला? या वयात अंग सुटतंच. ठेव शर्ट, संध्याकाळपर्यंत गळा मोकळा करून देतो."

आणि दिला. नवी कॉलरपट्टी अशी बेमालूम बसवली की जोड शोधून सापडू नये.

तीन आठवड्यांनी पाहुण्याच्या हातात किल्ली देता देता धाकटा काउंटरवरच कोसळला. मास्तर हॉस्पिटलात पोचले तेव्हा नर्सनं तो शर्ट कात्रीनं कापून बाजूला टाकला होता. डॉक्टरांनी त्यांना आणि भावजयीला समोर बसवून समजावलं. छातीच्या मधल्या हाडामागे मोठी गाठ होती, बहुतेक लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर. तुकडा तपासला की नक्की कळेल. डोक्याकडचं रक्त हृदयाकडे आणणारी शीर त्या गाठीनं दाबली होती, म्हणून चेहरा आणि मान फुगत होती. आता तर हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी भरलं होतं आणि हृदयाला फुलायला जागाच नव्हती. सुईनं ते पाणी लगेच काढावं लागलं होतं.

मानेला सूज कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं. दोन-तीन आठवडे, भावजय म्हणाली. मास्तरांनी मान डोलावली. रात्री त्यांनी वहीतलं ते पान काढलं. मन खात होतं, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वही घेऊन गेले. डॉक्टरांनी तारखा उतरवून घेतल्या, चार महिने, असं स्वतःशीच म्हणाले आणि मास्तरांचे आभार मानले. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. भावजयीनं मात्र वही हातात घेतली आणि त्या पानावर बोट ठेवलं.

"तुम्हाला माहीत होतं, भाऊजी?"

"माहीत नव्हतं," मास्तर म्हणाले. "लिहिलेलं होतं."

तिनं वही मिटून त्यांच्या हातात दिली आणि त्यानंतर महिनाभर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

धाकटा उठून बसू लागला तेव्हा मास्तरांनी त्याच्यापुढे चूक कबूल केली. तू विचारलं होतंस, मी नको म्हणालो, माझं चुकलं, एवढंच त्यांना बोलता आलं.

धाकट्यानं त्यांचा हात धरला. "तू नको म्हणणार हे मला ठाऊक होतं, दादा. म्हणून तर तुला विचारलं, हिला नाही विचारलं."

तो बिचारा धीर द्यायला बोलला. पण मास्तरांच्या ते जिव्हारी लागलं. भाऊ घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला लपायला त्यांनी आपल्या दुकानात जागा करून दिली होती.

औषधं सहा महिने चालली. गाठ आक्रसली, गळा पुन्हा पंधरावर आला. हृदय मात्र थोडं अधू राहिलं आणि उभ्यानं करायची नोकरी सुटली. आता धाकटा दुकानात बसून काज-बटण करतो. मास्तरांचा जुना नियम मोडला आहे. कंबर का उतरली, पाय का सुजले, हे ते गिऱ्हाईकाला तोंडावर विचारतात. दोघं-तिघं रागावून दुसऱ्या शिंप्याकडे गेले. जाऊ देत.

दर सोमवारी कामाला हात लावण्याआधी ते धाकट्याचा गळा मोजतात. परवाच्या सोमवारी टेपनं सव्वापंधरा दाखवलं. मास्तरांनी ती काढून पुन्हा लावली. तेवढंच.

"काल जेवणात मीठ जास्त पडलं असेल," धाकटा म्हणाला. "पुढच्या सोमवारी बघू की."

दाराशी एक गिऱ्हाईक कापड घेऊन उभं होतं. मास्तरांनी आकडा वहीत लिहिला, वही काखेत मारली आणि धाकट्याच्या चपला त्याच्या पायांपुढे सरकवल्या.

"घाल," ते म्हणाले, आणि शटर ओढायला बाहेर आले.