घाटंजी रोडवर पडलेला पिवळा डबा

हरवलेली वस्तू तांदळाच्या दाण्याएवढी होती. दाणा एका बारीक तारेच्या टोकाला, तार शिशाच्या जाड कवचात, कवच पिवळ्या पोलादी डब्यात आणि डब्यावर तीन पाकळ्यांची काळी खूण. डबा दोन माणसांनी उचलावा एवढा जड. हा तपशील मला नंतर मिळाला. त्या दिवशी एवढेच कळले की यवतमाळच्या एका खाजगी दवाखान्यातले किरणांचे यंत्र बंद आहे आणि माझ्या आत्याचा शेक पुढे गेला आहे.

आत्या आर्णीची, अंगणवाडीतून निवृत्त झालेली. तिला गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग होता. बाहेरून द्यायचे किरण संपले होते, आतून द्यायचे शेक बाकी होते. मध्ये फार खंड पडला तर आधीची मेहनत वाया जाते, असे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितले होते. आत्याने ते पाठ केले होते आणि आता ती ते डॉक्टरांनाच ऐकवत होती.

“खंड पडू द्याचा नाही म्हनत होते ना तुमी? मंग आता कोन पाडून राह्यलं?”

“मशीन चांगली आहे मावशी. तिच्यातला सोर्स जुना झाला. म्हणजे एक दाणा असतो धातूचा. तीनचार महिन्यांत त्याचा जोर उतरतो, मग नवा मागवावा लागतो. मुंबईहून विमानाने नागपूर, तिथून गाडीने इथे.”

“मंग आता कुठी आहे थो?”

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिले. “येऊन राह्यला ना.”

डॉक्टर मूळचे पुण्याचे. ते वऱ्हाडी बोलू लागले की काहीतरी लपवत असतात, हे आत्याच्या केव्हाच लक्षात आले होते. बाहेर येऊन ती मला म्हणाली, “हरवला. तू पेपरवाला आहेस ना? शोध.”

मी जिल्हा प्रतिनिधी म्हणून बरीच वर्षे काम करत होतो. बैल, मुले, मतपेट्या अशा हरवलेल्या वस्तूंच्या बातम्या दिल्या होत्या. तांदळाएवढ्या वस्तूची दिली नव्हती. पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा डबा घेऊन आलेल्या पिकअपचा चालक तिथे बसून चहा पीत होता. त्याचे म्हणणे असे:

“मी काल गेलतो ना दवाखान्यात. वेळेवर गेलतो. स्टोरवाला म्हने साहेब जेवाले गेले, त्याहिच्या सहीबिगर माल घेता येत नाही, चार वाजता या. आता चार वाजेलोक मी काय माशा मारू? गाडीत घाटंजीचे कूलर होते. म्हनलं तेवढे टाकून येतो.”

घाटंजी रोडवर खड्ड्यांमुळे पिकअपच्या फाळक्याची कडी निघाली. घाटंजीला कूलर उतरवून झाले तेव्हा डबा नव्हता.

“पन कूलर एकबी पडला नाही,” तो म्हणाला. मी काहीच लिहून घेत नाही हे पाहून त्याने ते पुन्हा एकदा सांगितले.

ठाणेदारांची विनंती होती की बातमी छापू नये. वरून आदेश होता: डब्यात काय आहे हे कोणालाही सांगायचे नाही, लोक घाबरतील. आदेशाचे पालन इतके काटेकोर होते की शोधायला पाठवलेल्या शिपायांनाही काही सांगितलेले नव्हते. त्यांच्यातल्या एकाशी मी बोललो. तो गावोगावी एक वस्तू हरवल्याचे सांगत होता. कसली वस्तू, असे विचारले तर सांगता येत नाही म्हणत होता आणि सापडल्यास हात लावू नका, अशी सूचना देत होता. एका गावात लोकांनी ऊन लागले असेल म्हणून त्यालाच सावलीत बसवून पाणी पाजले होते.

संपादकांना फोन केला. आत्या रुग्ण असल्याचेही सांगितले, कारण बातमीत घरचे माणूस असेल तर सांगायचे असते.

“अणुबॉम्ब म्हणता येईल का?” त्यांनी विचारले.

“नाही. किरणोत्सर्गी स्रोत.”

“एवढा लांब शब्द दोन कॉलमांत बसत नाही. बरं, आत्याचा फोटो आहे?”

फोटो नाही, असे मी सांगितले. बातमी त्या दिवशी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटंजीच्या आमच्या पेपर एजंटाला सहज विचारले, रस्त्यावर पिवळा डबा सापडल्याचे काही कानावर आले का.

“थो डबा? थो तांड्यावर आहे ना. कालच बाजारात नायकानं पुकारा केला. मी सोता जाऊन आलो.”

“तुम्ही कशाला गेलतात?”

“म्हनलं पाहावं. वजनदार दिसला. म्हनलं माह्या इन्व्हर्टरची बॅटरी आहे.”

“मग?”

“नायक म्हने, किती पानी आहे आत? मी म्हनलं अर्धं. म्हने, उचलताना तं काही खळखळलं नाही, चाल निंग.”

हा तांडा घाटंजी रोडपासून थोडा आत आहे. तिथल्या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलखभर फिरत. माल दुसऱ्याचा असे, म्हणून त्या काळी एक रीत होती: दुसऱ्याची गोणी उघडायची नाही. वाटेत बेवारस माल सापडला तर तो नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, दारासमोर सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा आणि बाजारात पुकारा करायचा. आत काय आहे आणि माल कोणाकडे निघाला होता, हे जो न उघडता सांगेल त्याला तो द्यायचा. आता बैल गेले. तांडा कापूस आणि तूर पिकवतो. रीत राहिली.

मी ठाणेदारांना कळवले आणि गाडी काढली. आत्या माझ्याकडेच उतरली होती. ती आधीच गाडीत बसलेली होती.

“तुला तिथे येता येणार नाही,” मी म्हणालो.

“माह्या औषधाचा पत्ता लागला अन् मी घरी भाजी निवडू?”

आमच्या मागोमाग ठाणेदारांची जीप आणि तिच्यामागे दवाखान्याची गाडी पोचली. दवाखान्याच्या गाडीतून किरण विभागाचा तरुण अधिकारी हातात मीटर घेऊन उतरला. तपासणी होईपर्यंत सगळ्यांनी लांब थांबावे, असे त्याने सांगितले. आत्याला मी गाडीतच बसवून ठेवले.

नायकाच्या दारासमोर लिंबाखाली ओटा होता. ओट्यावर डबा होता. डब्यावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले होते.

“उठा! बाबा, उठा त्यावरून!” अधिकारी ओरडला.

“काहून? बाजूले जागा आहे ना, बसा.”

“त्याच्यावर बसायचं नसतं!”

“पहारा आहे,” म्हातारे म्हणाले. “आमी दोघं आलटून पालटून बसून राह्यलो. गार लागते.”

एप्रिल महिना होता. या खुलाशात तथ्य होते.

म्हाताऱ्यांना हाताला धरून उठवले. अधिकाऱ्याने डब्याभोवती मीटर फिरवला, सील पाहिले आणि रुमालाने कपाळ पुसले. डबा बंद होता, आकडा बंद डब्याचा असावा तेवढाच होता. मग त्याने दोन्ही पहारेकऱ्यांवरून मीटर फिरवला. मीटर गप्प राहिला.

“माह्यात काहीच नाही निंगालं का?” म्हाताऱ्यांनी विचारले. त्यांच्या आवाजात निराशा होती. “गुडघा जरा बरा वाटत होता.”

हे सगळे नायक शांतपणे पाहत होते. वय साठीच्या पुढे, डोक्याला रुमाल, बोलणे हळू. ठाणेदार पुढे झाले तसे नायक डबा आणि ठाणेदार यांच्या मध्ये येऊन उभे राहिले.

“माल कोनाचा?”

“सरकारी काम आहे, नायक.”

“सरकारचा आहे का माल?”

“दवाखान्याचा.”

“आत काय आहे?”

“सांगता येत नाही.”

“ठाऊक नाही, का सांगता येत नाही?”

“सांगता येत नाही.”

“बॅटरीवालाबी पह्यले असंच म्हनला,” नायक म्हणाले. “जात कोनाकडं होता?”

“तेही सांगता येत नाही.”

“मंग मले देता येत नाही.”

एव्हाना तांडा गोळा झाला होता. नायकाने आधीच्या दावेदारांची हकिगत सांगितली. डीजेवाल्याने डबा आपला स्पीकर असल्याचे सांगितले होते. फवारणीचा पंप समजून एक जण घेऊन जायला निघाला होता, पण उचलताना त्याची कंबर धरली. त्यांच्यात आणि पोलिसांत फरक काय, असे नायकाने विचारले. ठाणेदारांनी गणवेश असल्याचे सांगितले. बँडवाल्यालाही गणवेश असतो, असे गर्दीतून कोणीतरी म्हणाले. बायका हसल्या. ठाणेदारांनी गर्दीकडे पाहिले आणि कोण बोलले ते शोधले नाही.

“सर, मी सांगतो त्यांना, दोन मिनिटांत समजेल,” अधिकारी हळूच म्हणाला.

“आदेश आहे.”

“मग आदेश बदलून घ्या.”

ठाणेदारांनी वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठ बैठकीत होते. बैठक याच विषयावर होती, त्यामुळे फोन घेता येणार नव्हता.

गाडीचे दार वाजले. आत्या उतरली होती. पदर खोचून ती सरळ ओट्याकडे चालत आली. वाटेत ठाणेदारांनी हात आडवा केला, तो तिने बाजूला केला.

“नायक, यात माहं औषध आहे.”

“कसलं औषध?”

“तांदळाएवढा दाना आहे. तारेच्या टोकाले. मले पिशवीचा कॅन्सर झाला. मशीनमदून आत त्या दान्याचा शेक देतेत. जुन्याचा जोर उतरला, हा नवा. हा येत नाही तोवर माहा इलाज बंद. अन् लय दिवस बंद राह्यला तर आधीचा सारा वाया.”

ठाणेदारांनी डोळे मिटले. जे सांगायचे नव्हते ते सगळे सांगून झाले होते. आता लोक घाबरतील, हा पुढचा भाग बाकी होता.

एक बाई पुढे आली. “कोनत्या दवाखान्यात? तिथं योजनेचं कार्ड चालते का?”

“चालते,” आत्या म्हणाली. “झेरॉक्स दोन नेजो.”

“दुखते का शेक?”

“शेक नाही दुखत. डॉक्टर लय बोलते, थे दुखते.”

घाबरण्याचा कार्यक्रम एवढ्यावर आटोपला. नायक मात्र हलले नव्हते. ते अधिकाऱ्याकडे वळले.

“या बाई म्हनतेत थे खरं?”

“खरं.”

“मंग उघडा. दाना दाखवा, अन् घेऊन जा.”

“नाही!” अधिकारी डब्यापुढे दोन्ही हात पसरून उभा राहिला. “इथे उघडायचा नाही. कोणीच नाही. तुम्ही नाही, मी नाही, हे साहेबही नाहीत. नाही दिला तरी चालेल, पण उघडू देणार नाही.”

मला वाटले, झाले, आता डबा काही मिळत नाही. आत्याचा चेहरा उतरला होता. दवाखान्यातही तो मी तसा पाहिला नव्हता.

नायकाने रुमाल सोडून पुन्हा बांधला. मग गर्दीकडे पाहून म्हणाले, “बॅटरीवाला काय म्हनला होता?”

“पाना आना, खोलून दाखोतो,” दोघेतिघे एकदम म्हणाले.

“डीजेवाला?”

“थोबी खोलाले तयार होता.”

“अन् हा मानूस मराले तयार आहे, खोलू देत नाही.” नायक बाजूला झाले. “दुसऱ्याचा माल आहे हे यालेच ठाऊक आहे. घे याडी, माल तुहा.”

याडी म्हणजे आई. वयाने नायकच मोठे असावेत.

डबा गाडीत चढवताना नायकाने फाळक्याची कडी स्वतः लावली, ओढून पाहिली आणि वरून दोर बांधला. माल दारापर्यंत पोचवल्याशिवाय तांड्याची जबाबदारी संपत नाही, असे सांगून ते आणि पहाऱ्याचे म्हातारे मोटरसायकलवर बसले आणि यवतमाळपर्यंत दवाखान्याच्या गाडीमागे आले. अंतर ठेवा, असे अधिकारी हाताने सारखा खुणावत होता. म्हातारे त्याला हात हलवून उत्तर देत होते.

दवाखान्यात स्टोरवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढली. “साहेबांची सही लागेल. साहेब बाहेर गेले.”

साहेब गाडीतून उतरले. किरण विभागाचा तोच अधिकारी. पहिल्या दिवशी जेवायला गेला होता तोही तोच. नायकाने त्याच्याकडे पाहिले. अधिकाऱ्याने जागेवर उभ्यानेच सही केली.

परत जाताना नायक आत्याला म्हणाले, “लागू पडलं का नाही, तेवढा निरोप धाडजो. त्याबिगर माल पोचला असं आमी म्हनत नाही.”

बातमी मी चार ओळींची दिली. वैद्यकीय साहित्य वाहतुकीत गहाळ झाले होते, ते सुस्थितीत सापडले, असे आतल्या पानावर आले. आदेश पाळला गेला. घाटंजीच्या बाजारात तोपर्यंत सगळी गोष्ट दाण्याच्या मापासकट ठाऊक झाली होती. चालकाला समज देऊन सोडले. तो अजून कूलरच नेतो.

यंत्रात दाणा बसवून त्याची तपासणी झाल्यावर आत्याचे शेक सुरू झाले आणि डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीत संपले. पुढे काही महिन्यांनी तपासणीचा अहवाल आला. आता काही दिसत नाही, असे डॉक्टरांनी शुद्ध पुणेरी मराठीत सांगितले, म्हणून आत्याने विश्वास ठेवला. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच तिने माझा फोन मागून घेतला आणि तांड्यावर लावला.

“मी डब्यावाली बोलतो. पोचला बरं माल.”

पलीकडून नायकाने काहीतरी विचारले.

“पुरा,” आत्या म्हणाली.